पायलीभर जवारीत घेतलेली सोनी

आमच्या तांडापेठच्या गल्लीत कौशल्याबाईबद्दल कोणालेही विचारा, सगळे चांगलंच सांगतील. मले विचाराल, तर मी आधी तुम्हालेच विचारीन, काहून विचारून राहिले. माझा स्वभावच तसा आहे. दूधवाल्यानं मापानं दूध घातलं तरी मी भांडं हलवून पाहते. माझा नवरा संजीव इतवारीत भांड्याच्या दुकानात काम करते, तो म्हणते की अंजूले पोलिसात घ्यायले पाहिजे होतं. म्हणू दे. ज्या बाईच्या घरी एकाच दिवशी दोन लेकरं येतात, तिले कोणावर भरोसा ठेवून चालत नाही. स्वतःवरही नाही.

तर कौशल्याबाई. आमच्या समोरच्याच घरात राहते, मधात सहा फुटाची गल्ली. वय असेल बावन्न-त्रेपन्न. माहेर उमरेडचं, हातमागवाल्यांचं घर. आम्हीही विणकरच, पण आमच्याकडचा माग माझ्या लग्नाच्या आधीच भंगारात गेला होता. सतराव्या वर्षी लग्न होऊन ती नागपुरात आली. मूलबाळ झालं नाही, आणि नवरा काविळीनं गेला. मग बाई पावरलूमच्या शेडमधे लागली, कांड्या भरायले. मागाच्या धोट्यात बसते ती सुताची नळी, तिले कांडी म्हणतात. बावीस वर्षं तिनं तेच केलं.

त्या शेडमधे साठ माग एकावेळी चालायचे. बाजूले बसलेल्या बाईचं बोलणंही ऐकू जायचं नाही. म्हणून तिथल्या बाया आवाज काढतच नव्हत्या. ओठ अन् हात हलवून सगळं बोलायच्या, सासूची भांडणंसुद्धा. पुढं शेड बंद झाली, बाई घरी बसून साड्यांचं फॉल-पिको करायले लागली, पण सवय गेली नाही. बोलायचं असलं की समोरच्याच्या तोंडापुढं येऊन बसते, टक लावून पाहते, अन् अर्धं हातानंच सांगते. मले ते कधी आवडलं नाही. माणूस इतकं तोंडाकडे पाहते म्हणजे काहीतरी काढून घ्यायले पाहून राहिलं, असं मले वाटते.

आमच्या घरी जुळ्या झाल्या, धनश्री अन् सोनिका. धनू दोन किलो शंभर ग्रॅम, सोनी एक किलो चारशे. धनूले तिसऱ्या दिवशी घरी आणलं. सोनी बावीस दिवस काचेच्या पेटीत होती. मी सकाळी एकीले पाजायची अन् दुपारी दवाखान्यात जाऊन दुसरीले काचेतून पाहायची. घरी आली तेव्हा तिचा पाय माझ्या अंगठ्याएवढा होता, खोटं सांगत नाही.

लोकांले जुळ्या म्हटलं की सारख्या फ्रॉकमधला फोटो दिसते. मले दिसते आमच्या दरवाज्याची मागची बाजू. तिथं मी खडूनं लिहून ठेवायची, कोण प्यायली अन् कोण राहिली. तरी एकदा सोनीच्या तापाचं औषध धनूले पाजलं, अन् मग दोघींच्या मधात बसून दोघींपेक्षा मोठ्यानं रडली. एक झोपली की दुसरी उठायची. एकीले खोकला झाला की चार दिवसांनी दुसरीचा नंबर. आंघोळीले कोमट केलेलं पाणी थंड होऊन जायचं अन् मी तशीच पारोशी. येणारी-जाणारी म्हणायची, नशीबवान आहेस वं, एकाच बाळंतपणात मोकळी झाली. मनात यायचं, एक दिवस घेऊन जा मग तुमच्या घरी.

पण सुखही होतं, नाही कशाले म्हणू. सहाव्या महिन्यात दोघी एकमेकीकडे तोंड करून पडायच्या अन् कारण नसताना हसायच्या. एक हसली की दुसरी, दुसरी हसली म्हणून पुन्हा पहिली. मी हातातलं लाटणं तसंच धरून पाहत राहायची. पोळी करपायची.

सोनी मात्र वाढत नव्हती. आठ दिवस बरी, पंधरा दिवस आजारी. माझ्या सासूबाई, कुसुमावती, त्यांनी एक दिवस सांगून टाकलं की हे लेकरू विकायले पाहिजे. घाबरू नका, आमच्याकडे ही जुनी रीत आहे. जे लेकरू आपल्या घरी टिकून नाही राहिलं, ते सुपात घालून दुसऱ्याले विकायचं. मग ते आपलं राहत नाही, अन् ज्याची वाईट नजर आपल्या घरावर आहे त्याले ते सापडत नाही. पाच वर्षांनी परत विकत घ्यायचं. तोवर राहते आपल्याच घरी, पण कोणी विचारलं तर म्हणायचं की हे आमचं नाही, दुसऱ्याचं आहे, आम्ही नुसतं सांभाळून राहिलो.

विकत घ्यायले सासूबाईनं कौशल्याबाईले बोलावलं. एका सोमवारी सकाळी ती अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून आमच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली. सुपात सोनी. तिनं विचारलं लेकरू विकता का, सासूबाईनं म्हटलं विकतो. तिनं पायलीभर जवारी आमच्या परातीत ओतली अन् सूप उचललं. गल्लीतल्या बाया हसून राहिल्या होत्या, मीही हसली. कौशल्याबाई हसली नाही. मी ते तेव्हाच पाहिलं होतं. सगळ्यांसाठी तो खेळ होता अन् तिनं दोन्ही हातानं सूप छातीशी धरलं होतं.

त्यानंतर ती रोज दुपारी सोनीले, अन् तिच्यासोबत धनूलेही, घेऊन जायची. तेल लावायची, मऊ खिचडी भरवायची, झोपवायची. सणाले तिच्याकडून सोनीले फ्रॉक यायचा, अन् लाजेकाजेनं धनूलेही एक. खोटं काहून बोलू, मले तेव्हा बरं वाटलं. लेकरं झाल्यापासून मी पहिल्यांदा दोन तास सलग झोपली ती कौशल्याबाईच्या भरोशावर. वर्षभरात सोनी चांगली भरली. डॉक्टर म्हणे औषधाचा गुण, सासूबाई म्हणे विकल्याचा गुण. कौशल्याबाई नुसती पोट्टीच्या दंडाले चिमटीत धरून पाहायची अन् खूश व्हायची.

दोघी अडीच वर्षांच्या झाल्या तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

पहिली गोष्ट म्हणजे सोनी माझ्या हाकेले ओ देत नव्हती. धनू सोबत असली की यायची, म्हणजे मी हाक मारली की दोघी वळायच्या, दोघी धावायच्या. पण एकटी असली की मी घसा फोडून मेली तरी मान वर करत नव्हती. अन् तिकडे कौशल्याबाईनं उंबऱ्यावरून नुसतं एक बोट हलवलं की हातातलं खेळणं टाकून पळायची. माझ्या पोटची पोट्टी अन् मी तिच्यासाठी कोणीच नाही, असं ते चित्र होतं.

बोलतही कमी होती. धनू दिवसभर चुरूचुरू बोलायची, सोनीचे पाच-सहाच शब्द, तेही अर्धे. त्याचं मले काही वाटलं नाही, कारण सगळेच सांगायचे की जुळी लेकरं उशिरा बोलतात, अन् एक बोलते तर दुसऱ्याले गरजच पडत नाही. पण त्या पाच-सहा शब्दांत पहिला शब्द होता मावशी, म्हणजे कौशल्याबाई. आई नाही.

दुसरी गोष्ट, कौशल्याबाई आता धनूले बोलवत नव्हती. आधी दोघींले न्यायची, आता म्हणायची फक्त सोनीले पाठव. का म्हणून? मी विचारलं तर म्हणे, धनू असली की सोनी तिच्याच मागं मागं करते. करू दे ना. बहिणीच आहेत. मले ते उत्तर पटलं नाही अन् मी ते लक्षात ठेवलं.

मग मी पाळत ठेवायले लागली. आमच्या खिडकीतून तिची खोली सरळ दिसते. एका दुपारी मी पडद्याआड उभी राहिली. सोनी पाटावर बसली होती, कौशल्याबाई तिच्या समोर जमिनीवर, तोंडाशी तोंड. बाईचे ओठ हलून राहिले होते, पण आवाज काही नाही. एक शब्द नाही. मधेच हात फिरवायची, कपाळाले लावायची, मूठ उघडायची. अन् माझी सोनी तिच्या तोंडाकडे अशी पाहून राहिली होती, जशी माझ्याकडे जन्मात कधी पाहिली नाही. मग दोघी एकदम हसल्या.

सासूबाईले सांगतलं तर त्या म्हणे, पुटपुटून राहिली असेल काहीतरी, लेकरू वश करून राहिली, बिनलेकराच्या बाईचा काय नेम. ज्या बाईनं स्वतः बोलावून लेकरू विकलं, तीच हे बोलून राहिली. मले खरं तर त्यांचा राग यायले पाहिजे होता. पण मले वाटलं, चला, कोणीतरी माझ्यासारखं पाहून राहिलं.

मे महिन्यात कौशल्याबाई म्हणे, सोनीले दोन दिवस उमरेडले घेऊन जाते, भावाकडे. मी म्हटलं, धनूलेही न्या. तिनं मान हलवली, नाही म्हणून. मग मीही नाही म्हटलं. त्या दिवसापासून माझी झोप उडाली. संजीव म्हणे, अगं, ती बाई आपलं लेकरू घेऊन जाईल कुठं, एसटीनं दीड तासाचं उमरेड. मी म्हटलं, घेऊन जायले एसटी लागत नाही, पोट्टी घरात असूनही गेलेलीच आहे.

जूनमधे संजीवच्या दुकानाजवळ मले काम होतं, म्हणून मी सोनीले एकटीले घेऊन इतवारीत गेली. धनूले मुद्दाम घरी ठेवलं. म्हटलं, एक दिवस तरी ही माझ्या हाताले धरून चालू दे. भांडेओळीत तुम्हाले माहीत आहे कशी गर्दी असते, हातगाड्या, टेम्पो, हमाल, अन् सगळे ओरडून राहिलेले. मी पिशवी सावरायले हात सोडला अन् ती चालायले लागली. पुढून एक टेम्पो रिव्हर्समधे येऊन राहिला होता. मी ओरडली, सोनी थांब. पुन्हा ओरडली. दुकानदारांनी माना वळवल्या, हमालांनी वळवल्या, सगळी भांडेओळ थांबली, फक्त माझी पोट्टी थांबली नाही. एका हमालानं डोक्यावरचं बोचकं टाकून तिले ओढलं, तेव्हा टेम्पोचं चाक हातभर दूर होतं.

मी धावत गेली अन् तिच्या गालावर अशी चपराक मारली की माझ्या हाताले झिणझिण्या आल्या. वरून म्हटलं, इतकी बोंबलून राहिली, ऐकू येत नाही का तुले? ती रडली नाही. माझ्याकडे पाहत राहिली, जसं मी काहून मारलं ते तिले शोधायचं होतं. मले तेव्हा वाटलं, किती ढीट झाली ही. कोणी केली ते मले माहीत होतं.

घरी न जाता मी सरळ कौशल्याबाईच्या दारात गेली. सोनीले आत सोडलं, ती कोपऱ्यात जाऊन रिकाम्या कांड्यांशी खेळायले लागली, आमच्याकडे पाठ करून. मी उंबऱ्यावरच तोंड सोडलं. म्हटलं, तुम्ही माझ्या लेकीले माझ्यापासून तोडलं. तिले शिकवून ठेवलं की आईचं ऐकायचं नाही. आज ती टेम्पोखाली जात होती, माझ्या शंभर हाकांवर नाही थांबली. मेली असती तर खूश झाल्या असत्या का तुम्ही?

कौशल्याबाई मशीनवरून उठली. ती जवळ आली, माझ्या तोंडापुढं, नेहमीसारखी, अन् म्हणे, "अंजू, तिले ऐकू येत नाही."

मी म्हटलं, काहीतरी बोलू नका. कुकरची शिट्टी झाली की ती दचकते. गणपतीच्या ढोलाले नाचते. ती म्हणे, मोठा आवाज जाते तिच्यापर्यंत, बोलणं जात नाही. हाक मारून पाह्य.

मी हाक मारली, सोनी म्हणून, घरात मारतो तशी. चार हातावर बसली होती. कांडीवर कांडी ठेवत राहिली. मी पुन्हा मारली. काही नाही. तेवढ्यात समोरच्या घरातून धनू आली. तिनं माझी हाक तिकडे ऐकली होती. उघड्या पायानं गल्ली ओलांडून ती आत शिरली, माझ्याकडे पाहिलंही नाही, सरळ सोनीजवळ गेली अन् तिच्या फ्रॉकचा मागचा बंद ओढला. मग सोनी वळली. धनूनं माझ्याकडे बोट दाखवलं. सोनी उठून माझ्याकडे आली.

बाप्पा, किती वर्षं हे माझ्या डोळ्यासमोर चालून राहिलं होतं. मी हाक मारली की दोघी वळतात, असं मी म्हणत होती. दोघी वळतच नव्हत्या. एक ऐकत होती, अन् दुसरीले ओढून आणत होती. तीन वर्षांची होत आलेली माझी धनू, जिले स्वतःची चड्डी नीट घालता येत नाही, ती आपल्या बहिणीचे कान होऊन बसली होती अन् आम्हाले कोणाले पत्ता नाही.

मग माझ्या डोक्यात आलं ते मी विचारलं, की तुम्हाले केव्हापासून माहीत आहे. ती म्हणे, दिवाळीपासून. सोनीच्या मागं तिची मोठी कात्री फरशीवर पडली होती अन् पोट्टी हलली नव्हती. मग तिनं धनूले दूर ठेवून पुन्हा पुन्हा पाहिलं. अन् शेडमधे बोलायची तसं बोलून पाहिलं, तर सोनीले सगळं समजलं.

"मग सांगतलं काहून नाही?"

कौशल्याबाई पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे न पाहता बोलली. "सांगतलं असतं तर तू तिले डॉक्टरकडे नेलं असतं. तिले कानाची मशीन लागली असती. मग ती सगळ्यांचंच ऐकायले लागली असती वं. आता ती फक्त माझंच ऐकते." मग म्हणे, "उमरेडले नेऊ म्हणत होती ना मी. एकदा कोणीतरी म्हणावं, कौशल्याची पोरगी आली, एवढंच होतं."

म्हणजे माझा शक खरा निघाला. मंतर नव्हता, जादू नव्हती, पण पोट्टी तिनं चोरलीच होती. आठ महिने लेकराचा बहिरेपणा पदरात लपवून ठेवला होता, लेकरू आपलं राहावं म्हणून. मी त्या दिवशी तिले जे जे बोलली ते इथं सांगत नाही. सगळी गल्ली ऐकून राहिली होती. दोन्ही पोट्ट्या काखेत मारून मी घरी आली अन् दार लावून घेतलं.

दवाखान्यात सोनीले झोपवून, डोक्याले तारा चिकटवून तपासलं. दोन्ही कान निम्म्याहून जास्त गेलेले. डॉक्टरीण तरुण होती, शांतपणे बोलून राहिली होती. मशीन लावू म्हणे, बोलायले शिकवू म्हणे, उशीर झाला आहे पण फार नाही. मी लगेच सांगून टाकलं की एका बाईनं आठ महिने लपवलं. मले वाटलं, ती त्या बाईले शिव्या घालेल. तिनं माझ्याकडची जुनी फाइल मागितली, जन्माच्या वेळची. पानं उलटली. एका पानावर बोट ठेवून माझ्याकडे सरकवली. डिस्चार्जच्या कागदावर खाली निळ्या शाईनं लिहिलं होतं, तीन महिन्यांनी कानाची तपासणी करून घेणे. त्याखाली माझी सही.

तीन महिन्यांनी सोनीले न्युमोनिया झाला होता. मग धनूले जुलाब. मग मी ती फाइल कपाटावर ठेवली अन् विसरली. कौशल्याबाईचे आठ महिने, अन् माझी अडीच वर्षं. बसमधे बसून मी बोटावर मोजत होती अन् मले कोणाचा राग करावा ते समजत नव्हतं.

घरी सासूबाईनं सौदा मोडून टाकला. पायलीभर जवारी मोजून कौशल्याबाईच्या उंबऱ्यावर ओतून आल्या. कौशल्याबाईनं ती उचलली नाही, झाडलीही नाही. दोन दिवस पारवे खाऊन राहिले होते. त्या घराचं दार बंद अन् आमच्या खिडकीले पडदा.

सोनीले मशीनी आल्या, गुलाबी, कानामागं बसणाऱ्या. पहिले आठ दिवस ती काढून फेकायची, अन् धनू घराच्या कोपऱ्याकोपऱ्यातून शोधून आणायची. एकदा तांदळाच्या डब्यात सापडली. बोलणं शिकवणाऱ्या मॅडमनं मले सांगतलं की मशीन लावली म्हणजे झालं असं नाही, लेकराच्या समोर बसा, तोंड दिसू द्या, हळू बोला, हातानं दाखवा, हसून बोला. मी सगळं पाठ केलं. पण मी जशी तिच्या तोंडाजवळ जायची, तशी सोनी डोळे मिटून घ्यायची अन् मान आत ओढायची. धनू जवळ गेली तर नाही, संजीव गेला तर नाही. फक्त मी. मॅडमनं ते पाहिलं अन् विचारलं, घरी कोणी मारते का हिले? मी नाही म्हटलं.

अन् दिवसभर ती उंबऱ्यावर बसायची, समोरच्या बंद दाराकडे तोंड करून. जेवण अर्ध्यावर आलं. माझ्याशी बोलायचं नाही, अन् जिच्याशी बोलता यायचं तिचं दार बंद. महिनाभर मी हे पाहिलं. महिनाभर मी स्वतःले सांगत राहिली की विसरेल, लेकरू आहे. नाही विसरली.

एका दुपारी मी सोनीले कडेवर घेतलं, धनूचं बोट धरलं अन् जाऊन ते दार वाजवलं. कौशल्याबाई वाळून गेली होती. मी तिले आधीच सांगून टाकलं, "मी तुम्हाले माफ नाही केलं, मावशी. पण माझी लेक माझ्या तोंडाकडे पाहत नाही. तुमच्याकडे काहून पाहते ते मले शिकवा." तिनं फॉलच्या साड्या बाजूले सरकवल्या अन् जमिनीवर चटई टाकली.

तेव्हापासून रोज दुपारी दोन वाजता आमची शाळा भरते. कौशल्याबाई मास्तरीण अन् मी ढ पोट्टी. ती म्हणे, तू वरून बोलते, आधी तिच्या उंचीवर ये. ती पाहत नाही तोवर तोंड उघडू नको. तू आधी बोलते अन् मग दाखवते, आधी दाखव. तुझे हात सारखे काहीतरी काम करत असतात, लेकराले समजत नाही की हा हात बोलून राहिला की पदर खोचून राहिला. बावीस वर्षं साठ मागांच्या मधात बसून जे शिकली, ते सगळं. मॅडमनं बजावलं होतं की आता मशीन आहे, आवाजही पाहिजे. तर कौशल्याबाईले आवाज काढायचं जड जायचं. तिचा आवाज एकदम मोठा अन् फाटका निघायचा, धनू खो खो हसायची, मग सोनीही.

मी आजही तिच्यावर पूर्ण भरोसा ठेवत नाही. सोनी कोणाजवळ आधी जाते, ते मी रोज पाहते. कौशल्याबाईही पाहते, अन् मी पाहून राहिली तेही तिले दिसते. पण आता धनूलेही ती सोबत बसवते. तिले सांगते की बहिणीचा फ्रॉक ओढू नको, समोर जाऊन उभी राह्य.

पंधरा-वीस दिवस असे गेले. सोनी माझ्याकडे एक क्षण पाहायची अन् नजर काढून घ्यायची. एका दुपारी मी कौशल्याबाईले विचारलं की शेडमधे एखादीची चूक झाली तर ती दुसरीले कसं सांगायची, चुकलं म्हणून. त्याचा इशारा कोणता? तिनं हात उचलला, पुन्हा खाली ठेवला. म्हणे, "तसा इशाराच नव्हता वं आमच्याकडे. माफी मागायले तिथं वेळ कोणाले होता."

मग मी सोनीच्या समोर बसली. हात मांडीवर ठेवून दिले, काही केलं नाही, नुसती थांबली. धनू मधात बोलायले गेली तर कौशल्याबाईनं तिले जवळ ओढून घेतलं. खूप वेळानं सोनीनं माझ्याकडे पाहिलं. मी मोठ्यानं, एकेक शब्द करून म्हटलं, "सोनी, आईचं चुकलं."

ती डोळे न मिटता माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिनं आपला हात उचलला अन् गालावर ठेवला, डाव्या, इतवारीत मी मारलं होतं त्याच गालावर. मी कशाबद्दल बोलून राहिली, ते तिले समजलं होतं.